थर्मचं घराणं

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जून १९९९

अक्का,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. ती मी विचारली आणि तू "बरं आहे" म्हणालीस, असं धरून पुढे लिहिते.

अव्वा गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. कडेवर निशा होती. तू दारात उभी राहिलीस आणि अप्पा आतल्या खोलीतून उठले नाहीत. मी पाणी आणलं, ते तू घेतलं नाहीस आणि आलीस तशी रिक्षात बसून गेलीस. हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगते. अव्वाचा श्वास थांबला तशी मी तार करायला पळाले. परत येऊन अप्पांना म्हटलं, अक्का येईपर्यंत थांबू या. ते म्हणाले, "थांबायचं न्हाय." विधीला आलेले मठाचे स्वामी म्हणाले, "चंद्रपूर म्हंजे काय कसबा बावडा हाय व्हय, सांजच्याला यायला?" मग दिवस मावळायच्या आत नेलं. आपल्यात बसवून पुरतात तशी तिला बसवली, तळहातावर लिंग ठेवलं. खाली उतरवताना तिचा पदर घसरला, तो मी वाकून नीट केला. माझ्या वाट्याला तेवढंच काम आलं.

मी रडले नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, धाकटी धीराची आहे. धीर कसला आलाय. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं मला झालं होतं. गाल जागेवर असतो, पण आपला नसतो. ते अजून उतरलेलं नाही. चहा पिते, क्लास घेते, भाजीवालीशी घासाघीस करते, आणि यातलं काही मी करतेय असं वाटत नाही.

तू जाताना निशाच्या दुधाची बाटली उंबऱ्याबाहेर विसरलीस. निळी, पांढऱ्या टोपणाची. मी ती घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, तोवर रिक्षा वळली होती. बाटली म्हणते, कारण तिचं खरं नाव आमच्या घरात घेत नाहीत. हेही तुला माहीत नसेल. तू गेल्यानंतरचं आहे ना.

अप्पांची घराणी तू विसरली नसशील. इंग्रजी शब्द पाठ करायचे नाहीत, त्यांचं मूळ धरायचं. फळ्यावर सगळ्यांत वर मूळ पुरुष, खाली त्याची लेकरं, वंशावळ काढतात तशी. आणि दर वर्षी पहिला धडा थर्म घराण्याचा. "थर्म म्हंजे उष्णता. म्हातारा ग्रीसचा, पण लेकरं कोल्हापुरात नांदत्यात. उद्या येताना घरातनं एकेक घेऊन या." दुसऱ्या दिवशी पोरं कुणी थर्मामीटर आणायची, कुणी थर्मास, कुणी गणपतीच्या मखराचा थर्माकोल. मग अप्पा एकेक वर धरायचे आणि पोरं ओरडायची. थर्मामीटर मोजतंय! थर्मास राखतंय! थर्मोस्टॅट आवरतंय! छोट्यांच्या तुकडीला तू हेच शिकवायचीस, आणि तुझ्या तुकडीचा आवाज जास्त असायचा म्हणून अप्पा मिशीत हसायचे.

प्रसेनजीतदाजी याच फळ्यासमोर बसून शिकले. त्यांना चंद्रपूरच्या थर्मलला, वीज केंद्रात, नोकरी लागली तेव्हा त्यांचे वडील भाऊसो पेठ वडगावहून पेढे घेऊन आले होते. अप्पांनी फळ्यावर 'थर्मल' लिहून खाली रेघ ओढली आणि 'आपला प्रसेनजीत' असं लिहिलं. अप्पांच्या घराण्यात माणसाचं नाव तेवढं एकच. मग तुम्ही दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. त्या संध्याकाळी अप्पा वेळेवर क्लासला आले, फडकं घेतलं आणि फळा पुसला. पुढच्या वर्षी पहिला धडा 'ग्राफ'चा झाला. थर्म घराणं गेलं ते गेलंच.

घरात कुणी हुकूम काढला नाही. पण अव्वा थर्मामीटरला तापाची नळी म्हणायला लागली. थर्मास म्हणजे बाटली. थर्माकोल म्हणजे पांढरा पुठ्ठा. अव्वानं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिला आणखी दोन-चार नावं गिळणं जड गेलं नाही. मलाही सवय झाली. सवय कशाचीही होते. अप्पा रोज सकाळी पूजेला बसून वचनं म्हणतात, त्यांत जात मानू नका असंच सांगितलंय. पण वचनं सकाळची, आणि तुझं लग्न कळलं ते संध्याकाळी.

बाटली धुऊन फळीवर ठेवली आहे. माझं मागणं एकच आहे. अव्वाच्या वेळी झालं ते अप्पांच्या वेळी होऊ नये. त्याआधी एकदा या घरात ये. तुला ये म्हणायचा मला अधिकार आहे की नाही ते माहीत नाही, तरी ये.

शिवलीला

*

राजारामपुरी
३ डिसेंबर २०००

अक्का,

उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर आहे, भाऊसोंकडून घेतलाय. दिवाळीत तुमच्या कॉलनीच्या नंबरवर फोनही केला होता. निशानं उचलला. म्हणाली, "आई घरी नाही." मागून तुझा खोकल्याचा आवाज आला. तुझा खोकला मी ओळखते, एका पांघरुणात झोपलोय आपण. मी म्हटलं, बरं बाळा, आणि ठेवला.

गेल्या महिन्यात मला बघायला निपाणीची मंडळी आली होती. मुलाच्या आत्यानं विचारलं, "थोरली कुठं दिलीया?" अप्पा म्हणाले, "लांब." आत्या म्हणाली, "लांब म्हंजे?" अप्पा म्हणाले, "लई लांब." आणि छताकडे बघितलं. आत्याबाईंना वाटलं तू वारलीस. त्या हळहळल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, पोहे दोनदा घेतले. पुढे कुणीतरी त्यांना खरं सांगितलं असणार. परत आले नाहीत. मला त्याचं दुःख झालं का, हे मी शोधून बघितलं. सापडलं नाही.

हे पत्र अप्पांच्या पायांबद्दल आहे. त्यांना साखर आहे हे तुला माहीत आहे. हल्ली घरात फिरताना त्यांची एक चप्पल मागे राहायची आणि ते एकाच चपलेवर पुढे जायचे. मला वाटलं वय झालं. परवा क्लासला जाताना रस्त्यात तसंच झालं. मागून एक पोरगं चप्पल घेऊन पळत आलं, "सर, पायतान ऱ्हायलं." अप्पांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना कळलं.

मग इथल्याच एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. म्हणाले, "सर, डोळे मिटा. मी पायाला लावतो, गरम की गार ते सांगा."

अप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी गार लावली.

"गरम," अप्पा म्हणाले.

मग गरम लावली. "गार." परत गरम. अप्पांनी जरा वेळ घेतला. "गार... न्हाय, गरम."

डॉक्टर म्हणाले, "सर, अंदाजानं सांगू नका. कळत नसेल तर कळत नाही म्हणा."

अक्का, अप्पांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. पेपरात ठोकून उत्तर लिहिणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर बाकावर उभं केलंय. ते हळू म्हणाले, "कळत न्हाय."

पाय त्यांचेच आहेत, दिसतात, चालतात. पण घोट्याखाली ते त्यांना काही कळवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात पाय धुवायचे, आणि त्या पाण्यात आधी दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं. म्हणजे मी. आता रोज सकाळी मी घमेल्यात हात घालते आणि सांगते, "हं, घाला." दिवसभरात मला नक्की काही जाणवतं ते तेवढ्या वेळात.

तू आलीस तर हा हात कधीतरी तुझा असेल. मी दमलेय असं नाही. पण दुसरं कुणी असावं असं वाटतं.

शिवलीला

*

राजारामपुरी
२६ जानेवारी २००३

अक्का,

मध्ये दोन वर्षं लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडत नव्हतं ते लिहून काय करणार.

आता घडलंय. अप्पांचे पाय भाजले. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता घरी आणलंय. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. पण परत असं झालं तर पाऊल जाईल, असंही म्हणतात.

कसं झालं ते नीट सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. गिझर बिघडला होता. रविवारी सकाळी मी मंडईत गेले होते, तेवढ्यात बाळासो मेकॅनिक येऊन बघून गेला. मी आल्यावर अप्पांना विचारलं, "बाळासो आलता काय? काय म्हणाला?" अप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, "आलता. बघून गेला." मी म्हटलं, "झाला का मग बरा?" त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी बघितलं नाही. मला वाटलं झाला. मी भाजी निवडायला बसले. अप्पांनी स्वतःच घमेल्यात पाणी काढलं आणि पाय बुडवून परत पेपर वाचत बसले.

मी आत गेले तर घमेल्यातून वाफ निघत होती. पेपरचा कागद वाफेनं मऊ पडला होता आणि अप्पा त्याच्यामागे निवांत. मी पाय धरून बाहेर काढले. कातडं माझ्या हाताला आलं. माझे हात पोळले, मी ओरडले. अप्पा म्हणाले, "काय झालं?" त्यांनी पायाकडे नंतर बघितलं. आधी माझ्या हाताकडे.

बाळासो संध्याकाळी दवाखान्यात आला. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "ताई, मी सरांना सांगितलं हुतं की. थर्मोस्टॅट गेलाय, पाणी उकळायलंय, नवा पार्ट आणूस्तवर गिझरला हात लावू नगा. ताईंस्नी सांगा म्हटलं. सर व्हय म्हणालं."

रात्री मी अप्पांच्या खाटेशी बसले. त्यांना म्हटलं, "बाळासोनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलं?"

ते भिंतीकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता.

"सांगणार हुतो," अप्पा म्हणाले. "दुसरा शब्द सुचंना."

म्हणजे बघ, तू पेपर वाचत बसलेली आहेस, लेक विचारतेय, आणि तुला एक शब्द उच्चारायचा आहे, जो तू इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेतलास. तो तोंडाशी आला आणि त्यांनी गिळला. त्याला पर्याय शोधत बसले असणार, आवरणारं यंत्र, आतला पार्ट, तापाची ती चकती. शोधता शोधता आपण काय सांगणार होतो ते बाजूला पडलं, पाणी निघालं, पाय आत गेले. माझ्या मते जगात असा अपघात दुसऱ्या घरात झाला नसता.

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली. मग मला तुझा राग आला. तू लांब आहेस म्हणून तुझा येतो. त्यांचा आला असता तर रोज सकाळी त्यांच्या पाण्यात हात कसा घातला असता?

हाताला आता बरं आहे. तीन-चार दिवस खडू धरता येत नव्हता.

शिवलीला

*

राजारामपुरी
१९ मार्च २००३

अक्का,

काल भाऊसो आले होते. अप्पांचं भाजल्याचं त्यांना वडगावात कळलं. मी दार उघडलं तर हातात पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. ते बाहेरच उभे राहिले. तू उभी होतीस तिथेच. आत खाटेवरून अप्पांना दार दिसतं.

मी वाट बघत होते की अप्पा भिंतीकडे वळतील. ते वळले नाहीत. म्हणाले, "या. उनात का उभारलाय?"

भाऊसो आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. पिशवीतून डाळिंबं काढून ठेवली. बराच वेळ दोघंही पायाला गुंडाळलेल्या पट्टीकडे बघत होते, जणू ती तिसरी कुणी पाहुणी आहे. मग भाऊसो म्हणाले, "लई दुखत असंल."

"न्हाय," अप्पा म्हणाले. "त्योच तर घोळ हाय."

भाऊसो जन्मभर वडगावच्या बाजारात हमाली करत होते, त्यांना पायांचं कळतं. पायात काटा मोडला तर सांगतो तरी, न सांगणारा पाय वाईट, असं काहीतरी ते म्हणाले. मग हवापाण्याचं निघालं. म्हणाले, "हितलं ऊन कायच न्हाय. पोराकडं चंद्रपूरला गेलतो मागल्या उन्हाळ्यात. दुपारी पायरीवर पाय ठेववत न्हाय, फरशी तव्यावानी तापती. निशा अनवाणी पळायची आन् बोंबलायची."

अप्पांनी विचारलं, "कितवीत हाय?"

अक्का, तुझ्या लेकीबद्दल अप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी चहाचे कप तसेच धरून उभी राहिले.

"औंदा पयलीला जाईल," भाऊसो म्हणाले. "अक्षरं येत्यात. सगळं वाचती, दुकानाच्या पाट्या सुदिक."

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. विचारलं, "अक्का माझी पत्रं वाचते का?" ते चुळबुळले. त्यांना खोटं बोलता येत नाही. "फोडत न्हाय बघा. बिस्किटाच्या डब्यात घालून ठिवती. टाकत बी न्हाय. प्रसेनजीत म्हणाला, वाच की गं. तर म्हणाली, वाचलं की जावं लागंल."

म्हणजे हे पत्रही तू वाचणार नाहीस. अव्वाला नेताना मी थांबायला सांगितलं होतं, हे तुला अजून माहीत नाही. अप्पांचे पाय माहीत नाहीत. निपाणीच्या आत्याबाईंनी तुझ्यासाठी पोह्यांवर गाळलेले अश्रू माहीत नाहीत. मी चार वर्षं डब्याला पत्रं लिहितेय.

मग खरंच लिहिते. मला तू हवी आहेस. मला एकटीनं अप्पांना खड्ड्यात बसवायचं नाही. परत पदर नीट करायला मीच एकटी, असं नको. तुझा हेवाही वाटतो, की तुझ्यावर कुणी दार बंद केलं आणि तू निदान रागावू शकलीस. माझ्यावर कुणी काही बंद केलं नाही. मी आतच होते.

हे कुणी वाचणार नाही म्हटल्यावर लिहायला सोपं गेलं.

शिवलीला

*

कोल्हापूर स्टेशन
११ मे २००३

अक्का,

हे पत्र पाकिटात नाही. घडी घालून अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवणार आहे, त्यामुळे डब्यात टाकायच्या आधी तुला अप्पांना घरात घ्यावं लागेल. डाव मी केलाय, पण बेत त्यांचा आहे.

परवा पट्टी कायमची सुटली. अप्पा उठले, काठी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि फळीसमोर उभे राहिले. म्हणाले, "ते काढ."

"काय ते?" मी विचारलं. मला कळलं होतं. पण मी पोळपाट घेऊन बसले होते आणि मला उठायचं नव्हतं. गिझरच्या वेळी मी भाजी निवडत बसले होते, तशीच बसले.

अप्पा उभे राहिले. मी चपाती लाटली, तव्यावर टाकली, उलटली. ते तसेच उभे.

"थर्मास," ते म्हणाले.

मी उठून दिला. त्यांनी टोपण उघडून आत बघितलं, वास घेतला. म्हणाले, "दुसऱ्याचं भांडं हाय. किती दीस ठिवून घ्यायचं? पोच कराय पायजे. पाय हाईत तवर जाऊन येतो."

मी म्हटलं, मी बरोबर येते. तर म्हणाले, "तू नगं. तू आलीस की तूच बोलशील." ते खरं आहे. म्हणून आकारामबरोबर पाठवतेय. आपल्या क्लासचा जुना मुलगा, नागपूरला नोकरीला असतो, सुट्टी संपवून निघालाय. तो वर्ध्याला त्यांना चंद्रपूरच्या गाडीत बसवून देईल. पुढे ते एकटे आहेत. तुमचा पत्ता लिहून दिलाय, पण त्यांना तो पाठच आहे. मी टाकलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता ते पोस्टात जायच्या आधी वाचायचे, हे मला काल कळलं. क्वार्टर नंबरसकट म्हणून दाखवला.

थर्मास रिकामा नाही. काल रात्री ते म्हणाले, तुझी अव्वा असती तर तिनं भांडं रिकामं पाठवलं नसतं. दूध दोन दिवस टिकणार नाही, म्हणून बिद्रीकडच्या गुऱ्हाळातली काकवी भरलीय. घट्ट लावलंय टोपण, जोर लावून फिरव. निशाला चपातीबरोबर दे. कोल्हापूरची आहे म्हणून सांग, आणि ती वाचायला शिकलीय तर थर्मासवर छापलेला तो शब्द तिच्याकडून अप्पांसमोर वाचून घे.

ते काय बोलतील ते मला सांगता येत नाही. बहुतेक काही बोलणार नाहीत. माफी वगैरे मागतील अशी वाट बघू नकोस, तो धडा त्यांच्याकडे नाही. प्रसेनजीतदाजींना 'काय रे' म्हणाले तर ते पुष्कळ समज. तूही लगेच बोलू नकोस. तुला राग यायचा तेवढा येऊ दे. पण अव्वाच्या वेळी थांबू या असं मी म्हटलं होतं, तेवढं या कागदावर वाच, म्हणजे रागातून माझा वाटा कमी होईल. बाकी सगळं डब्यात आहे.

आता मुख्य. तू मागची पत्रं वाचलेली नाहीस, म्हणून परत लिहिते. अप्पांना पायाला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, खडा नाही, काच नाही. चपलांना मी मागून पट्टा शिवून घेतलाय, तरी एखादी निसटते, आणि निसटली तर ते तसेच चालत राहतात. भाऊसो म्हणाले, तुमच्याकडची फरशी मे महिन्यात तव्यासारखी असते. तू दार उघडायला वेळ लावलास तर ते पायरीवर उभे राहतील. किती वेळ उभे राहतील त्याचा भरवसा नाही. तू उभी होतीस तेवढा तरी.

गाडी लागलीय. आकाराम त्यांना चढवतोय. अप्पांनी थर्मास काखेत धरलाय, काठी त्याच्या हातात दिलीय. मला माझ्या गालात काहीतरी कळतंय. भूल उतरताना दुखतं, ते तसलं असणार. ते नंतर बघीन.

हे वाचत असशील तर अप्पा समोर आहेत. आधी त्यांना सावलीत बसव. दोन्ही चपला पायात आहेत का बघ. पाय भाजला का म्हणून विचारू नकोस, ते न्हाय म्हणतील. खाली बस आणि हात लावून बघ.

शिवलीला